तपासणीत काही निघालं तर कामावरून काढतील का?

सोलापूरच्या कारखान्यांत समुपदेशनासाठी जाते तेव्हा हा प्रश्न सतत कानावर येतो. रक्तदाब असो, दम लागणं असो की झोप उडालेली असो, माणूस आधी पगाराचा हिशेब करतो. गिरण्या बंद पडताना पाहिलेल्या या शहरात ही भीती उडवून लावणं मला अन्यायाचं वाटतं.

एका सूतगिरणीतल्या कामगाराची गोष्ट सांगते. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) पन्नाशीला आलेला, कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यातला. आधी आली ती त्याची बायको, विड्या वळणारी. "मॅडम, हे रात्र रात्र बसून असतात. पोरांवर खेकसतात. दवाखान्याचं नाव काढलं की ताटावरून उठतात."

तो आला, पण बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळते, पुढं हलकं वाटतं. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिसची ही ओळखीची खूण. सुरुवातीलाच धूळ टाळली तर त्रास ओसरू शकतो. वर्षानुवर्षं अंगावर काढला तर फुफ्फुसं कायमची अधू होतात. त्याला हे साधारण ठाऊक होतं. तरी तो लपवत होता, कारण कायम होण्याआधी कित्येक वर्षं त्यानं बदली कामगार म्हणून, म्हणजे कुणी गैरहजर असेल तरच काम मिळणारा म्हणून, काढली होती. "परत बदलीत टाकतील, मॅडम." झोप त्या लपवण्यानं गेली होती.

"घाबरू नका" असं मी त्याला म्हटलं नाही. भीतीतल्या कोणत्या गोष्टीला आज उत्तर मिळू शकतं, ते आम्ही दोघांनी शोधलं. ईएसआयचं, म्हणजे कामगार विमा योजनेचं, कार्ड ट्रंकेत पडून होतं. ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असली की आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

उरलेलं उत्तर मात्र माझ्या हातात नव्हतं. ते दिलं एका निवृत्त जनरल मॅनेजरसाहेबांनी. कापड उद्योगात हयात घालवून ते आता या गिरणीला कामगारांच्या आरोग्याबाबत सल्ला देतात. बॅनर लावून, फोटो काढून संपणारी शिबिरं मी पुष्कळ पाहिली आहेत. साहेबांनी तपासणी पाळीच्या वेळात ठेवली आणि हजेरी पूर्ण धरायला लावली, म्हणजे खाडा नाही. कागद डॉक्टरांकडेच राहणार. ऑफिसला फक्त कुठल्या खात्यात किती जणांना त्रास आहे तेवढा आकडा. आजारामुळे खातं बदललं तर पगार कमी होणार नाही, हेही त्यांनी मालकांकडून लेखी घेतलं आणि मराठी-तेलुगूत फलकावर लावलं. मालक सहज तयार झाले नाहीत. साहेबांनी हजेरीपट पुढं ठेवून दाखवलं, जुनी माणसं घरी बसली की किती साचे बंद राहतात. खुर्ची सुटल्यावरही वजन असं वापरणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

फलक वाचून तो बायकोला घेऊन डॉक्टरांकडे गेला. श्वासाची चाचणी झाली, पुढं पॅकिंग खातं मिळालं. झोप हळूहळू परतते आहे. चिडचिड अजून आहे, त्यावर आम्ही काम करतो आहोत.

तुमच्याकडे तपासणी असेल तर आधी दोन गोष्टी विचारा: रिपोर्ट कोण पाहणार, आणि त्या दिवसाची हजेरी लागणार का? उत्तर पटलं नाही तर ईएसआयच्या दवाखान्यात थेट जा. मन फार अस्वस्थ असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मोफत आणि मराठीत बोलता येतं.