पणजोबांच्या फौजी ट्रंकेतल्या वस्तूंचं स्थिरचित्र काढायला कसं शिकू?

तुमचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते, त्यांची ट्रंक घरात आहे आणि तिच्यातल्या सगळ्या वस्तू एका चित्रात आणायच्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. इंटरमिजिएटच्या परीक्षेनंतर ब्रश हातात धरलेला नाही, असंही.

सगळ्या वस्तू नका घेऊ. मी वडिलांची ट्रंक उघडली तेव्हा आठ-नऊ वस्तू टेबलावर ओळीने लावल्या आणि चित्र किट तपासणीसारखं झालं. तुम्ही तीनच घ्या: इनॅमलचा मग, कापडी पट्टा, पदकं. ट्यूबलाइट बंद करा, उजेड एकाच खिडकीतून येऊ द्या.

पहिला आठवडा रंगांना हात लावू नका. ६बी पेन्सिलने फक्त उजेड, मधला टोन आणि सावली. मगाचं तोंड आणि बूड ही दोन्ही लंबवर्तुळं आहेत, आणि बुडाचं तोंडापेक्षा जास्त गोल दिसतं. बूड सरळ रेषेत काढलंत की अख्खा मग हवेत तरंगतो.

पट्ट्याचं पितळ रंगवायला सोनेरी रंग आणू नका. यलो ऑकर, बर्न्ट अंबर, थोडा लेमन यलो एवढं पुरतं. पितळ चमकतं ते अगदी गडद तपकिरीला लागूनच एकदम उजळ ठिपका येतो म्हणून. त्या दोघांमधली कड पुसट करू नका. बर्लिनच्या संग्रहालयातलं ‘सोनेरी शिरस्त्राणाचा माणूस’ नेटवर मोठं करून बघा. पूर्वी ते डच चित्रकार रेम्ब्राँचं मानत, आता त्याच्या प्रभावळीतल्या कुणाचं तरी मानतात. शिरस्त्राणावरचा उजेड रंगाच्या जाड थरांनी केलाय आणि चेहरा जवळजवळ अंधारात ठेवलाय. धातू शिकायला मला त्याहून चांगलं चित्र सापडलं नाही.

पदकांना ब्रासो पॉलिश लावू नका. खाचांमध्ये बसलेला काळेपणाच उठाव दाखवतो. इटली स्टार आणि १९३९-४५ स्टार दोन्ही सहा टोकांचे आहेत, म्हणून कंपासने आधी हलकं वर्तुळ काढून त्याचे सहा भाग करा. परीक्षेतली भूमिती इथे कामी येते. पदक तिरकं ठेवलं असेल तर ते वर्तुळही लंबवर्तुळ होईल. इटली स्टारच्या फितीवर लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे सारख्या रुंदीचे पाच पट्टे असतात. फीत वळते तिथे पट्टेही वळतात आणि सावलीतला पांढरा राखाडी होतो. कोरा पांढरा तिथे ठेवलात की फीत कागदासारखी सपाट दिसते.

रंग म्हणाल तर मी पोस्टर कलर सांगेन. खाकी कापडाचा कोरडेपणा त्यात येतो आणि चुकलेलं झाकता येतं. खाकीसाठी ऑकरमध्ये पांढरा आणि चिमूटभर अंबर. ऑलिव्ह हिरवा हवा असेल तर लेमन यलोमध्ये थोडा काळा.

ट्रंकेत एखादं काडतूस निघालं तर ते मांडणीत घेऊ नका, हातही न लावता पोलिसांना कळवा.

मगाच्या कडेचं इनॅमल उडालेलं असतं, तो टवका शेवटी करा, जवळजवळ सुक्या ब्रशने. मी तो रंगवला तेव्हा वडील बराच वेळ शेजारी उभे राहिले आणि मग कुठल्या चौकीवर पडला होता ते त्यांनी पहिल्यांदा सांगितलं.