तिसऱ्या रकान्यातला एक

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल परवा रात्री वाचली आणि काल दिवसभर मी घुश्शात होतो. तुझ्यावर नाही, पण थोडा तुझ्यावरही. इतके महिने खपून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा हंगामवार तक्ता १८८२ पासून भरत आणलास. आता तुमच्या गटातली मंडळी म्हणतात, भिंतीवर लावायला १९९५ पासूनचाच घेऊ, आधीचं वाचून नव्या मुलांना लाज वाटेल. आणि तू मला विचारतेस, "काका, त्यांचंही बरोबर असेल का?"

नाही. एकही ओळ गाळायची नाही.

१९९५ पासून सुरुवात केलीस तर लोक वाचतील: दहा विजय, दोन पराभव, बिग टेन या विद्यापीठांच्या साखळीचं अजिंक्यपद, रोझ बोल हा हंगामाअखेरचा मानाचा सामना. छान. पण विद्यापीठाच्या गावात, एवंस्टनमध्ये, मोठी माणसं रस्त्यात रडत होती ती कशासाठी, हे त्यातून कसं कळणार? त्याआधी १९७१ साली संघाने जिंकण्याचं पारडं शेवटचं जड ठेवलं होतं. मधले तेवीस हंगाम, १९७२ ते १९९४, एकाही वर्षी हरण्यापेक्षा जिंकणं जास्त झालं नाही. त्या तेवीस ओळी वर असतील तरच २ सप्टेंबर १९९५ ला साउथ बेंडमध्ये नोत्र दाम विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर १७-१५ ने हरवणं म्हणजे काय ते समजेल. आणि लगेच दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर ओहायोच्या मायामी विद्यापीठाकडून ३०-२८ असे हरले, तेही ठेव. त्या मायामीचे प्रशिक्षक होते रँडी वॉकर. तेच वॉकर १९९९ मध्ये नॉर्थवेस्टर्नचे प्रशिक्षक झाले आणि २००० च्या हंगामात मिशिगनला ५४-५१ असं हरवून गेले. एक ओळ काढलीस की दुसरीचा टाका उसवतो.

तुला माहीत आहे, मी त्या विद्यापीठाचा विद्यार्थी नव्हतो. सप्टेंबर १९७९ मध्ये सांगलीहून आलो, शिकत होतो दुसरीकडे; फक्त खोली तेवढी या संघाच्या घरच्या मैदानापासून, डाइक स्टेडियमपासून, चालत जाण्याच्या अंतरावर मिळाली. माझ्या येण्याच्या आठवडाभर आधी, १५ सप्टेंबरला, संघाने वायोमिंगला हरवलं होतं. त्यानंतर लागोपाठ ३४ सामने हरले. म्हणजे या गावात पाऊल ठेवल्यापासून पहिली तीन वर्षं मी हा संघ जिंकताना पाहिलाच नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, एवढंच मला खेळातलं कळत होतं. आमच्या संघाला तेही जमत नव्हतं. शिकागोला जाणाऱ्या हमरस्त्याच्या नावावरून, सामन्याचा निकाल सांगावा तसं, लोकांनी वाक्यच केलं होतं, "इंटरस्टेट ९४, नॉर्थवेस्टर्न ०." मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळे हसले आणि माझं पोट आत ओढलं गेलं.

१९८० चा हंगाम ०-११, म्हणजे विजय शून्य, पराभव अकरा. १९८१ चा ०-११. ७ नोव्हेंबर १९८१ ला मिशिगन स्टेटने ६१-१४ ने धुतलं, लागोपाठची एकोणतिसावी हार, मोठ्या विद्यापीठांतला नवा विक्रम. आणि सामना संपल्यावर मुलं मैदानात धावली, "आम्हीच सगळ्यांत वाईट" असं ओरडत त्यांनी गोलखांब पाडले. माझ्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ही लाज आहे. मी मात्र थक्क होऊन बघत होतो. आपली हार कोणी इतक्या मोठ्याने उच्चारू शकतं हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

का ते सांगतो. हे मी तुझ्या काकूलासुद्धा फार उशिरा सांगितलं.

त्याच शरद ऋतूत मी डॉक्टरेटच्या पात्रता परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालो होतो. शिष्यवृत्ती बंद झाली, नाव कमी झालं. दोष कोणाचा नव्हता, माझा अभ्यास कमी पडला. रात्री एका मोटेलच्या काउंटरवर बसायचो. आणि घरी दादांना निळ्या एअरोग्रामवर लिहायचो: अभ्यास ठीक चालू आहे.

दादा सांगलीत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. रोजकीर्द, खतावणी, सगळं त्यांच्या हातचं. लहानपणी मी एकदा त्यांच्या वहीतला चुकलेला आकडा ब्लेडने खरवडून दुरुस्त केला, कौतुकाच्या अपेक्षेने दाखवायला गेलो. त्यांनी मारलं नाही. समोर बसवून सांगितलं, चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, बरोबर आकडा शेजारी लिहायचा, आणि खालचा वाचता आला पाहिजे. खरवडलेली वही कोर्टात उभी राहत नाही.

मिशिगन स्टेटच्या सामन्याहून परतल्यावर मी त्या रात्री दादांना खरं पत्र लिहिलं. दोन बाजू भरल्या, कडा चिकटवल्या. टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी नवा एअरोग्राम घेतला आणि लिहिलं: अभ्यास ठीक चालू आहे. दादा १९८३ च्या जानेवारीत गेले. त्यांच्या शेवटच्या वहीत मागच्या पानावर त्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात नोंद होती, "चिरंजीवांचा अभ्यास संपत आला." ज्या माणसाने आयुष्यात एक आकडा खरवडला नाही त्याच्या वहीत मी खोटी नोंद करवली. त्यावर रेघ मारायला आता कोणी नाही.

म्हणून मी चिडतो. तुमच्या गटाला वाटत असेल की कोण हा म्हातारा, एका तक्त्यासाठी एवढा तापतो. तापतो.

आता तक्त्याकडे. १९०६ आणि १९०७ च्या ओळी तू रिकाम्या म्हणून वगळल्या आहेस, त्या परत घाल. त्या काळी हा खेळ इतका रानटी झाला होता की मैदानावर पोरं मरत होती. १९०५ नंतर नियम बदलावे लागले, चेंडू पुढे फेकायला १९०६ मध्ये परवानगी मिळाली, आणि नॉर्थवेस्टर्नने दोन वर्षं संघच उतरवला नाही. विद्यापीठ "आम्ही खेळत नाही" म्हणालं, हासुद्धा हंगामच. ओळीत लिही: संघ नव्हता.

गुणांची तुलना करताना जपून. टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेण्याला, सहा गुण १९१२ पासून; त्याआधी पाच, त्याही आधी चार. त्यामुळे पहिल्या तीस वर्षांतले आकडे आजच्या आकड्यांशेजारी तसेच मांडू नकोस.

१९३६ च्या ओळीला मात्र थोडी जागा दे. पॅपी वॉल्डॉर्फ प्रशिक्षक होते. २८ सामने न हरलेल्या मिनेसोटाला ३१ ऑक्टोबरला ६-० ने अडवलं, बिग टेन जिंकली आणि शेवटी नोत्र दामकडून २६-६ ने हरले. मग १९४८ चा हंगाम: १ जानेवारी १९४९ ला रोझ बोलमध्ये कॅलिफोर्नियावर २०-१४ असा विजय, आणि त्या कॅलिफोर्नियाच्या बाकावर प्रशिक्षक कोण? तेच वॉल्डॉर्फ. यानंतर बोल सामना जिंकायला १ जानेवारी २०१३ उजाडला. चौसष्ट वर्षं. मध्ये लागोपाठ नऊ बोल सामने हरले. ते नऊच्या नऊ लिही.

१९५७ बघ: ०-९. प्रशिक्षक आरा पार्सेगियन, दुसरंच वर्ष. कोणीही काढून टाकलं असतं. ठेवलं. १९५९ मध्ये त्यांनी ओक्लाहोमाला ४५-१३ ने लोळवलं, १९६२ मध्ये हा संघ काही काळ देशात पहिल्या क्रमांकावर होता. पुढे नोत्र दामने त्यांना नेलं आणि ते तिथले थोर प्रशिक्षक झाले. ०-९ गाळलंस तर राहतो नुसता थोर माणूस, तो कुठून वर आला ते राहत नाही.

आणि १९८२. संघाचा हिशेब ३-८, म्हणजे वाईटच. तरी डेनिस ग्रीन बिग टेनचे त्या वर्षीचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. आठ हरणाऱ्याला हा मान का, हे फक्त वरच्या दोन ओळी सांगतात. तुमच्या भिंतीवर त्या नसतील तर उद्या एखादं पोर विचारेल, ही छपाईची चूक आहे का?

२५ सप्टेंबर १९८२ ला नॉर्दर्न इलिनॉयला ३१-६ ने हरवून ती साखळी तुटली. मी स्टेडियमात नव्हतो. तीन वर्षं जवळजवळ प्रत्येक घरचा सामना बघितला आणि त्या शनिवारी गेलो नाही. मोटेलची रात्र काढून आलो होतो, उशी कानावर घेऊन पडलो, म्हटलं पुरे झाली हार बघणं. आरडाओरडा ऐकून उठलो तोवर पोरं गोलखांब खांद्यावर घेऊन निघाली होती. ते त्यांनी मिशिगन सरोवरात टाकले. मी चप्पल घालून मागे धावलो, पोचलो तेव्हा काठावर गर्दी आणि पाणी. त्या दिवसापासून वही ठेवली. घरचा एकही सामना नोंदीशिवाय गेलेला नाही. २०२२ चा हंगामही आहे त्यात, १-११, आणि तो एकुलता विजयही डब्लिनमध्ये नेब्रास्काविरुद्ध, इथून समुद्रापार.

लाजेच्या गोष्टींबद्दल तू विचारलंस. १९९४ च्या संघातल्या एका खेळाडूने जुगारासाठी आयोवाविरुद्ध मुद्दाम चेंडू सोडला, हे काही वर्षांनी कोर्टात बाहेर आलं. नाव नको, पण टीप हवी. सगळं पालटलं ते वर्ष त्याच्या लगेच पुढचं आहे. २०२३ मध्ये छळाच्या आरोपांवरून प्रशिक्षक बदलले, तेही एका वाक्यात लिही. पेन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाचं उदाहरण समोर ठेव. २०१२ मध्ये शिक्षा म्हणून त्यांचे १९९८ ते २०११ मधले ११२ विजय नोंदीतून काढले. हरलेल्या संघांची हार तशीच राहिली, फक्त जिंकणारा नाहीसा झाला. जानेवारी २०१५ मध्ये ते सगळे परत दिले. आकडा खरवडला की असा सांगाडा उरतो. शिक्षा द्यायची तर द्यावी, दादांची ती एक रेघ मारावी, पण खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

इथल्या एका मंडळाच्या स्मरणिकेच्या वेळी मी हेच बोललो होतो. एका वर्षी भांडणापायी गणपती बसलाच नव्हता. ते वर्ष गाळून "अखंड परंपरा" छापायचं ठरलं. मी बैठकीत उभा राहिलो, आवाज चढला, राजीनामा दिला. चार घरांशी येणंजाणं तुटलं, त्यातल्या एका मित्राच्या अंत्यविधीला मला कोणी कळवलं नाही. तुझी काकू म्हणते, एका ओळीसाठी एवढं? मी अजून म्हणतो, हो. आवाज चढवायला नको होता हे मान्य. ओळीबद्दल माघार नाही. दादांच्या बाबतीत एकदा गप्प बसलो होतो, तेवढं पुष्कळ झालं.

मेलच्या शेवटी तू घाईघाईत दोन वाक्यं लिहिली आहेस. पहिल्या वर्षीची ती टर्म, जी तू अर्धवट सोडून घरी बसलीस, ती नोकरीच्या अर्जात दाखवू का झाकू. मला वाटतं, तक्त्याचा प्रश्न तू याच प्रश्नासाठी विचारलास. दाखव. एक ओळ. कारण एका वाक्यात, रडगाणं नको, माफी नको. आणि अर्जाआधी आईबाबांना सांग. त्यांना अजून माहीत नाही, असं तुझ्या लिहिण्यावरून दिसतं. पुण्यात सकाळ असेल तेव्हा फोन कर, मेल नको. आज कर. "परीक्षा झाल्यावर" वगैरे मला ऐकवू नकोस, मी तो शब्द चौदा महिने स्वतःला ऐकवला आहे.

एक चूक राहिली. १९७८ च्या ओळीत तू ०-१० लिहिलं आहेस. ते ०-१०-१ आहे. इलिनॉयशी ०-० अशी बरोबरी झाली होती. जास्तीच्या वेळात निकाल लावायचा नियम १९९६ ला आला, तोपर्यंत बरोबरी टिकायची, म्हणून तिसरा रकाना काढू नकोस. सगळा हंगाम हरलेल्या पोरांनी एका शनिवारी समोरच्याला एक गुणही करू दिला नाही. तो एक लिहून मला ओळ परत पाठव. माझी वही रविवारी न्यायला ये, काकू थालीपीठ करणार आहे.

तुझा,
काका