सत्ताविशीत पोलीस भरती? आधी हे ऐक

बाबू, कंपनीचा राजीनामा इतक्यात देऊ नकोस. आधी वय मोज. शिपाई भरतीला खुल्या प्रवर्गात 28, मागासवर्गीयांना 33. कोणत्या तारखेला मोजतात, ते जाहिरातीत नीट वाच. पदवी आहे तर फौजदारकीचा रस्ताही आहे, पण तो एमपीएससीचा, लांब पल्ल्याचा.

मैदानाचे 50 गुण. त्यात 1600 मीटरला 20, म्हणून सगळे तिथेच मरमरतात. गोळ्याला 15 आणि 100 मीटरला 15, म्हणजे हे दोन्ही मिळून 30 झाले ना! गोळा 7.26 किलोचा. नुसत्या दंडाच्या जोरावर फेकलास तर खांदा धरेल. जोर पायातून, कमरेतून यायला हवा. आणि वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेला माणूस 100 मीटरला एकदम सुटला की मांडीची शीर हमखास धरते. अंग तापवल्याशिवाय पळू नकोस.

रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर पळतोस ते बरं, पण ओहोटीच्या घट्ट वाळूत पळ. भुसभुशीत वाळूत वेळ वाढते नि उगाच हिरमोड होतो. घड्याळ लावून पळायचं ते मैदानावरच.

लेखी 100 गुणांची, 90 मिनिटं. गणिताचा हात बसला नसेल तर रोज तासभर तेच.

दाखल्यांसाठी सेतूत आत्ताच जा, जाहिरात आल्यावर तिथे रांग असते. आणि घरी सांगून ठेव, यापुढे गणपतीत नि शिमग्यात तू बंदोबस्ताला. आईला ते सर्वात जड जाईल.