पुण्याहून चार दिवस, समुद्राच्या कडेकडेने: कुठे थांबावं?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून स्वतःच्या गाडीने, आई-वडिलांना घेऊन, चार दिवसांत दिवेआगर ते मालवण किनाऱ्याने जायचंय, तर वाटेत कुठे थांबावं.

आधी मालवण काढून टाका. नकाशावर किनारा सरळ दिसतो, पण दर थोड्या अंतराने खाडी आडवी येते. कुठे पूल असतो, कुठे गाडी जंगलजेटीत (म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीत) चढवावी लागते, कुठे आत वळसा घालावा लागतो. चार दिवसांत गुहागरच्या पुढे हेदवीपर्यंत पोचलात तरी भरपूर झालं. मालवण वेगळ्या सुट्टीत करा.

दुसरं म्हणजे खोल्या बुक करायच्या आधी घरातलं कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. चेष्टा नाही. आम्ही पहिल्यांदा हरिहरेश्वरला गेलो ते नेमके भर भरतीला. प्रदक्षिणेच्या पायऱ्या दोन कड्यांच्या फटीतून खाली उतरतात आणि खाली जिथून चालायचं तिथे लाटा आपटत होत्या. बायको म्हणाली, "इतक्या लांब पायऱ्या बघायला आणलंस?" शेजारी शहाळी विकणाऱ्या आजोबांनी हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थीला साधारण तीन वाजता, पहाटेही आणि दुपारीही. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण सहल ठरवायला एवढं पुरतं.

म्हणून माझा सल्ला, द्वादशीला निघा. त्रयोदशीला दुपारी साडेतीन-चारला हरिहरेश्वरला ओहोटी मिळते आणि पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमारास हेदवीला उधाणाची भरती, तिथली बामणघळ बघायला ती लागतेच. एकाच सहलीत दोन्ही टोकं बसतात.

पहिला दिवस ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा, दिवेआगर. घाटात फार रेंगाळू नका, ताम्हिणी काय कधीही होतो. दिवेआगरला सुवर्णगणेश सगळेच बघतात (१९९७ मध्ये बागेत सापडला, २०१२ मध्ये दरोडा पडला, २०२१ मध्ये पुन्हा प्रतिष्ठापना झाली), पण रूपनारायणाची मूर्ती चुकवू नका. तिच्या प्रभावळीतले दशावतार तुमच्या वडिलांना एकेक ओळखत बसू दे. जेवणाची ताटं आणि मोदक सकाळीच फोन करून सांगून ठेवा. ऐन वेळी गेलात तर उपाशी राहाल.

दुसऱ्या दिवशी दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडी-आरावीचा रस्ता. अख्ख्या प्रवासात गाडी चालवायला सगळ्यात सुंदर तुकडा हाच. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला थेट पाणी. मुद्दाम कुठला पॉइंट शोधू नका, जिथे रस्त्याला रुंद कडा दिसेल तिथे गाडी बाजूला घ्या. मुंबईच्या १९९३ च्या स्फोटांतलं आरडीएक्स याच शेखाडीला उतरलं होतं, हे इथली शांतता बघून खरं वाटत नाही. श्रीवर्धनला रोठा सुपारी घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथल्या माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावली तरी फळ धरायला वर्षं लागतात, त्यामुळे भावावरून घासाघीस करायची मला तरी लाज वाटते.

हरिहरेश्वरला आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग प्रदक्षिणा. पायऱ्या उभ्या आहेत. आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना देवळात बसू दे. खाली खडकाला वाऱ्या-पाण्याने मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडलीत, तिथे अर्धा तास सहज जातो. मात्र फोटोसाठी पाण्याच्या कडेच्या खडकावर जाऊ नका. ओहोटीतही अचानक मोठी लाट येते आणि माणसं गेली आहेत. मग बागमांडल्याला जंगलजेटी धरून पलीकडे वेश्वी, आणि मुक्काम वेळासला. नाना फडणवीसांचं गाव. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला मिळू शकतं. त्या दिवसांत घरगुती मुक्काम आधीच भरतात.

तिसरा दिवस सैल ठेवा. केळशीची वाळूची टेकडी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, बस. कड्यावरून समुद्रात बसलेला सुवर्णदुर्ग दिसतो आणि संध्याकाळी तोच हर्णैच्या किनाऱ्यावरून समोर येतो. चार-पाच वाजता तिथे मासळीचा लिलाव असतो. वास सहन होत असेल तर जाच. होड्यांतून माल उतरतो, बैलगाड्या पाण्यात शिरतात, आणि कोळणी ज्या वेगाने बोली लावतात तो बघून आपण मंडईत भाव करतो ते पोरखेळ वाटतात. आपल्याला लिलावात घुसायचं नाही. बाजूला किरकोळ विकायला बसतात, त्यांच्याकडून घ्या आणि मुक्कामाच्या घरी करून मागा. आईवडील शाकाहारी असतील तर त्यांना आंजर्ल्यालाच ठेवलेलं बरं!

गाडी वाळूवर घालू नका. हर्णैजवळच्या मुरुडला मी घातली होती. ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत पाणी चाकाला लागलं होतं, आणि बघायला अर्धं गाव.

चौथ्या दिवशी साडेसातला निघा, दाभोळ-धोपावे जंगलजेटी, गुहागर मागे टाकून थेट हेदवी. दशभुजा गणपती नंतर, आधी बामणघळ. खडकात अरुंद चीर आहे. भरतीचं पाणी तिच्यात कोंडतं आणि तोफ सुटावी तसं वर उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल आणि मला शिव्या द्याल. चिरेच्या अगदी काठाशी उभे राहू नका, खडक निसरडा असतो.

परत येताना चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज. रविवार असेल तर जेवण उंब्रजच्या आधीच उरका, कारण खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर त्या रात्री जी भरती असते तिला पाऊणपटीचा हिशेब लागू पडत नाही.