पाऊस पडला की हॉर्सशू क्रॅबची अंडी मरतात का?

प्रश्न : नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. जूनमध्ये पौर्णिमेच्या सुमारास मुलांना घेऊन डेलावेअर बे या आखाताला गेलो होतो, रात्रीच्या भरतीला किनाऱ्यावर हॉर्सशू क्रॅबचा (पाठीवर घोड्याच्या नालेसारखं कवच असलेला समुद्री प्राणी) नुसता खच, नर मादीला मागून चिकटलेले, सगळी धडपड चाललेली. दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस. तेव्हापासून लेकीचं एकच टुमणं, पाणी गोडं झालं तर त्यांची अंडी मरतील ना? काय सांगू तिला?

उत्तर : एक-दोन दिवसांच्या पावसानं सहसा काही होत नाही, असं सांगा. आणि पोरीचा प्रश्न एकदम भारी आहे हेही सांगा.

मुळात ही अंडी पाण्यात नसतातच. मादी भरतीच्या पट्ट्यात वाळू उकरून साधारण १५ ते २० सेंटीमीटर खोल अंडी घालते, एका पुंजक्यात सुमारे ४,०००, आणि अशी एका सीझनमध्ये कितीतरी वेळा. मागे चिकटलेला नर तिथल्या तिथे अंडी फळवतो. म्हणजे अंड्याचा संबंध वाळूत मुरलेल्या पाण्याशी. वरून पाऊस पडला तरी पुढची भरती येते आणि वाळू परत खाऱ्या पाण्यानं भिजते.

आता किती खारट लागतं? उघड्या समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, डेलावेअर बेमध्ये नदी येऊन मिळते त्यामुळे तिथे त्याहून कमी, आणि नदीकडे वर जाल तसं अजून कमी. लॅबमध्ये ही अंडी वेगवेगळ्या पाण्यात वाढवून बघितलीत, २० ते ३० ग्रॅमच्या पाण्यात मस्त वाढतात, १० च्या आसपास आणलं की लगेच मरतात असं नाही पण वाढ रेंगाळते. पाणी कोमट असेल तर दोन ते चार आठवड्यांत पिल्लू तयार, थंड असेल तर बसा वाट बघत. उशिरा घातलेल्या अंड्यांतली काही पिल्लं तर वाळूतच हिवाळा काढतात!

अंड्यात नेमकं काय चालतं ते बघण्यासारखं आहे. सुरुवातीला हिरवट, मोहरीएवढं, आरपार काहीच दिसत नाही. मग बाहेरचं टणक कवच तडकतं आणि आतला पातळ पडदा पाणी ओढून फुगतो, जवळपास दुप्पट होतो, आणि त्या पारदर्शक फुग्यात पिल्लू पाय हलवत गरागरा फिरताना दिसतं. हा सगळा आतल्या-बाहेरच्या मिठाच्या फरकाचा खेळ, त्यामुळे खारटपणा इथे थेट नडतो किंवा मदत करतो.

मदत कशी? फ्लोरिडात इंडियन रिव्हर लगून (समुद्राला लागून असलेलं उथळ खारं तळं) आहे, तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, पाण्याची वाफ होऊन काही भागात ते समुद्रापेक्षाही खारट होतं. तिथल्या अंड्यांवर काम झालंय. ३० ते ४० ग्रॅमला ती सगळ्यात छान वाढली, ६० च्या आतपर्यंत रडतखडत का होईना पिल्लू तयार झालं. आणि खरी गंमत म्हणजे तयार झालेल्या अंड्यांवर अचानक कमी खारट पाणी आलं की जास्त पिल्लं फुटून बाहेर पडतात! पाणी वर चढलंय, निघा आता, असा तो इशारा. म्हणजे लेक ज्या पावसाला घाबरतेय तो योग्य वेळी आला तर चक्क उपयोगाचा. माझं विचाराल तर मिठापेक्षा उन्हाची भीती जास्त, वाळू फार तापली की अंडी टिकत नाहीत.

प्रश्न : आमच्या मालवणला पावसात खाडीचं पाणी पार गोडं होतं, म्हणूनच हे खेकडे आपल्याकडे नाहीत का? टँकमध्ये खारं पाणी करून पाळता येतील?

उत्तर : पहिली गोष्ट, हे खेकडे नव्हेतच, कोळी-विंचवांच्या जवळचे आहेत. भारतात ते पूर्व किनाऱ्यावर, ओडिशा आणि बंगालकडे. दोन जाती आहेत, एक वाळूच्या किनाऱ्यावर अंडी घालते आणि दुसरी खारफुटीच्या चिखलात, सुंदरबनसारख्या निमखाऱ्या पाण्यात आरामात राहते. पाऊस तिकडेही काही कमी नाही हो! त्यामुळे पावसाच्या गोड्या पाण्यावर सगळं खापर फोडता येणार नाही. ओडिशातल्या या प्राण्यांवर आपल्या गोव्याच्या एनआयओतल्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं काम केलंय.

टँकचं डोक्यातून काढून टाका. वन्यजीव संरक्षण कायद्यात त्यांना संरक्षण आहे, पकडणं-पाळणं दोन्ही गुन्हा.

प्रश्न : पिल्लू बाहेर आल्यावर त्याला खायला काय लागतं?

उत्तर : सुरुवातीला काहीच नाही. अंड्यातला बलक पोटात असतो त्यावर भागतं. तेव्हा शेपूटही नसते, उलटं होऊन पोहतं. पहिली कात टाकली की छोटी शेपूट येते आणि मग तळाशी जाऊन बारीकसारीक किडे-अळ्या खायला लागतं. मोठं व्हायला मात्र नऊ-दहा वर्षं सहज जातात.