नागपूरच्या उन्हात १० लिटरच्या कॅबिनेटमध्ये कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कॅबिनेट फ्रॅक्टल टेरा, १०.४ लिटरचं. प्रोसेसर रायझन ५ ७६००, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ६०० वॉटचा एसएफएक्स, म्हणजे छोट्या मापाचा, मॉनिटर १४४० पी (२५६० × १४४० पिक्सेलचा). खेळायचं आहे सायबरपंक २०७७. खोली हिंगणा रोडला, वरच्या मजल्यावर. एसी नाही, खिडकीत कूलर आहे. सुट्टीत पीसी सॅकमध्ये घालून गोंदियाला न्यायचा आहे. तुमचं मन एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०७० वर आहे आणि मित्र म्हणतो ५०६० टीआय घे.

मित्र बरोबर सांगतोय. फक्त १६ जीबी मेमरीचंच घ्या. आणि एएमडीचं रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं, त्यापेक्षा बऱ्यापैकी स्वस्त मिळत असेल तर तेच उचला. उत्तर एवढंच आहे, पण कारणं माहीत नसतील तर दुकानात गेल्यावर काउंटरवरचा माणूस दहा मिनिटांत तुम्हाला परत ५०७० वर नेऊन ठेवेल.

मोठ्या टॉवर कॅबिनेटमध्ये कार्ड निवडताना आपण आधी फ्रेम (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) बघतो, मग किंमत. छोट्या कॅबिनेटमध्ये, त्यातही आपल्या गावात, आधी वॉट बघायचे. ५०७० ला कंपनीनेच २५० वॉट दिलेत. ५०६० टीआय १८० वर थांबतं, ९०६० एक्सटीचं १६ जीबीवालं १६० वर. म्हणजे ५०७० आणि ९०६० एक्सटीमध्ये ९० वॉटचा फरक, आणि तुमचा ७६०० पूर्ण जोर लावून जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो. ५०७० घेणं म्हणजे त्याच डब्यात आणखी एक प्रोसेसर तापत ठेवण्यासारखं झालं. कार्डात गेलेला जवळजवळ प्रत्येक वॉट शेवटी उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येतो, आणि ती खोली तुम्ही कूलरने गार करायची धडपड करत असता.

आता यूट्यूबवरचे आकडे. रिव्ह्यू करणारे बहुतेक जण २०-२५ अंशांच्या खोलीत बसलेले असतात. समजा २३ अंशांच्या खोलीत एक कार्ड ६५ वर स्थिरावलं. याचा अर्थ ते हवेपेक्षा ४२ अंश वर चाललं. हा वरचा फरक वॉट आणि पंख्याचा वेग तोच असेल तर फारसा बदलत नाही. बदलते ती खोली. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) कूलर बंद असलेली, स्लॅबखालची खोली संध्याकाळी ३८ ला सहज जाते. तेच कार्ड तिथे ८० वर. हे झालं उघड्या टेबलावर किंवा मोठ्या कॅबिनेटमध्ये. १० लिटरच्या डब्यात त्यावर आणखी काही अंश चढतात. पंचाऐंशीच्या आसपास कार्ड स्वतःच क्लॉक (चिपचा वेग) खाली आणायला लागतं आणि पंखे ओरडायला लागतात. म्हणजे ज्या जास्तीच्या फ्रेमसाठी पैसे मोजले त्यातल्या काही मे महिन्यात मिळतच नाहीत, आवाज मात्र पूर्ण मिळतो. (२०२४ च्या मे अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आठवत असेल. तो सेन्सरचा दोष निघाला. पण २०१३ च्या मे महिन्यातले ४७.९ खरे होते.)

कूलरबद्दल एक गोष्ट बाहेरच्या कुठल्याही व्हिडिओत सापडणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असते, तेव्हा ताट्या (कूलरच्या बाजूंच्या भुशाच्या जाळ्या) ओल्या असतील तर बाहेर ४४ असताना खोली ३०-३२ वर राहू शकते. पीसीसाठी ही वेळ तितकी वाईट नाही. वाईट वेळ येते ती जूनमध्ये पहिले एकदोन पाऊस पडून गेल्यावर, आणि मग ऑक्टोबरमध्ये. हवा दमट, कूलर फक्त ओलावा फिरवतो, आणि खोली काही खाली येत नाही. त्यामुळे मे काढला म्हणजे झालं असं धरू नका. कार्ड त्या दमट दिवसांच्या हिशेबाने निवडा. आणि पीसी कूलरच्या झोतात मुळीच ठेवू नका. बोअरचं पाणी असेल तर झोतातले बारीक थेंब वाळून पांढरा क्षार बसतो, जुन्या ताट्यांचा भुसाही उडतो. टेराचं कार्ड बाजूच्या जाळीतून सरळ बाहेरची हवा ओढतं, म्हणजे जे जाळीवर येईल ते कार्डाच्या पंख्यात. झोतापासून बाजूला, भिंतीपासून वीतभर दूर, आणि जमिनीवर नाही, टेबलावर.

मापांकडे वळू. टेरा ३२२ मिमीपर्यंत लांबीचं कार्ड घेतं, म्हणून लोक लांबी बघून निर्धास्त होतात. तिथे खरी खेच जाडीची आहे. या कॅबिनेटमधला मधला कणा सरकतो: एका टोकाला कार्डासाठी ७२ मिमी आणि प्रोसेसरच्या कूलरसाठी ४८, दुसऱ्या टोकाला कार्डासाठी ४३ आणि कूलरसाठी ७७. बेरीज दोन्हीकडे १२० च. कार्डाची जाडी ‘स्लॉट’मध्ये मोजतात; एका स्लॉटची जाडी वीस मिमीच्या थोडी वर असते, म्हणजे खरंखुरं दोन स्लॉटचं कार्ड चाळिशीच्या थोडं वर बसतं आणि प्रोसेसरला मोठा कूलर मिळतो. दुकानात मिळणारी बरीच कार्डं मात्र ‘अडीच स्लॉट’ची, म्हणजे पन्नास मिमीच्या आसपासची असतात. तीही बसतात, पण तेवढी जागा प्रोसेसरच्या बाजूने जाते. ७६०० साठी थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७, उंची ४७ मिमी, कुठल्याही स्थितीत बसेल. तरी आपल्या हवेत शक्य असेल तर साठ-सत्तर मिमीचा कूलर लावा.

म्हणून मी दोन पंख्यांचं, दोन स्लॉटचं कार्ड शोधायला सांगतो. ५०६० टीआयची अशी मॉडेलं साधारण २२० ते २३० मिमी लांब असतात, ९०६० एक्सटीची २४० च्या आसपास. तीन पंखे म्हणजे जास्त गार, हे टॉवरमध्ये खरं असतं. १८० वॉटसाठी दोन पंखे पुरतात, आणि कार्डापुढे जी मोकळी जागा उरते तिथे एसएमपीएसच्या केबली कोंबता येतात. छोटा पीसी एकदा तरी स्वतः जोडलेल्या कुणालाही विचारा, सगळा वेळ केबलींवर जातो. एनव्हिडियाने २०२४ मध्ये छोट्या पीसीसाठी ‘एसएफएफ-रेडी’ असा शिक्का काढला: कार्ड ३०४ मिमी लांब, १५१ मिमी उंच, ५० मिमी जाड यापेक्षा मोठं नको, आणि त्या उंचीत पॉवर केबल वळायची जागाही धरलेली. शिक्का उपयोगी आहे, पण तो आहे म्हणून प्रत्येक डब्यात बसेल असं नाही. मॉडेलच्या पानावरची तीन मापं कागदावर उतरवून घ्या. नाव सारखं असतं आणि मागे फक्त ‘ओसी’, ‘प्लस’ असं काहीतरी बदलतं, तेवढ्यात जाडी दहा मिमीने वाढते.

उंचीत गडबड होते ती पॉवरच्या सॉकेटमुळे. कार्डाच्या वरच्या कडेला केबल लागते आणि बाजूची पट्टी लावताना तिच्यावर दाब येतो. ९०६० एक्सटीला साधारणपणे एकच जुना ८ पिनचा सॉकेट असतो. ५०६० टीआयची काही मॉडेलं ८ पिनची, काही नव्या १६ पिनची. शक्यतो ८ पिनचं घ्या. १६ पिनचं प्लग पूर्ण आत बसलेलं असावं लागतं आणि सॉकेटपासून लगेच वाकवायचं नसतं. १० लिटरमध्ये नेमकं तेच करायची वेळ येते. घ्यावंच लागलं तर एसएमपीएसच्या कंपनीची मूळ केबल वापरा, अडॅप्टरचा झुबका आत मावणार नाही.

तुमचा ६०० वॉटचा एसएमपीएस तिन्ही कार्डांना पुरेल, त्याची चिंता सोडा. फक्त त्याचे ६०० वॉट किती तापमानाला मोजलेत ते स्पेसिफिकेशनमध्ये बघा. ४० अंशांना मोजलेला आणि ५० अंशांना मोजलेला यात आपल्याकडे फरक पडतो. घरी इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो प्युअर साइन वेव्हचा आहे ना, हेही बघून घ्या.

आता रायझर केबल, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणारी केबल. टेरासोबतची केबल पीसीआयई ४ ची (या जोडणीच्या चौथ्या पिढीची) आहे, नवी कार्डं पीसीआयई ५ ची. बोर्डचा स्लॉटही ५ चा असेल तर दोघं ५ च्या वेगाने बोलायला जातात, मधली केबल ते पेलत नाही, आणि स्क्रीन काळी पडते किंवा खेळता खेळता पीसी अडकतो. लोक कार्ड खराब समजून परत करतात. पहिल्यांदा कार्ड न लावता, ७६०० च्या आतल्या ग्राफिक्सवर मॉनिटर जोडून बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जा आणि तो स्लॉट ‘जेन ४’ वर पक्का करा, मग कार्ड लावा. या कार्डांना जेन ४ मुळे जो फरक पडतो तो डोळ्यांना दिसणारा नाही.

८ जीबी का नको, ते यालाच जोडून आहे. १४४० पी वर टेक्स्चर वर ठेवलेत की बरेच नवे गेम ८ जीबीच्या बाहेर जातात. बाहेर गेलेलं सगळं पीसीआयईवरून साध्या रॅममध्ये ये-जा करतं, आणि ५०६० टीआयला १६ नाही, आठच लेन (डेटाच्या वाटा) आहेत. सरासरी फ्रेम ठीक दिसतात, मधेमधे झटके बसतात. ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटी दोन्ही ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतात, नाव तेच. बिलावर १६ जीबी लिहिलेलं बघूनच पैसे द्या. तुम्ही फक्त व्हॅलोरंट आणि सीएस २ खेळत असता तर मी एवढा हट्ट धरला नसता, तिथे प्रोसेसरच आधी दमतो. पण प्रश्नात तुम्ही सायबरपंक २०७७ लिहिलंय.

मग ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटी या दोघांत कोणतं? रे ट्रेसिंग (खऱ्यासारखे प्रकाश-सावल्या), आणि जास्त गेममध्ये चालणारं डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारं एनव्हिडियाचं तंत्र) हवं, किंवा ब्लेंडरसारखं थ्रीडीचं काही शिकायचं असेल तर ५०६० टीआय. नुसतं खेळायचं असेल तर ९०६० एक्सटी. त्याचं एफएसआर ४ (तसंच एएमडीचं तंत्र) आता चांगलं दिसतं, सगळ्या गेममध्ये नाही एवढंच. अमेरिकेत बाजारात आले तेव्हा १६ जीबीच्या दोघांचे भाव ४२९ आणि ३४९ डॉलर होते, ५०७० चा ५४९. आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी आणि वितरकाचा वाटा चढतो. शिवाय २०२५ च्या शेवटापासून मेमरीचे भाव वर गेलेत, त्यामुळे आजचा भाव आजच विचारावा. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबीचं आणि स्वस्त आहे, पण १९० वॉट घेऊन या दोघांच्या मागेच राहतं. तुमच्या डब्यासाठी मी ते सुचवणार नाही.

५०७० वेगवान आहे हे कबूल. १४४० पी वर ५०६० टीआयपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने पुढे, आणि मेमरी मात्र १२ जीबी. खोलीत एसी असता तर मी वेगळं बोललो असतो. तरीही घेणारच असाल तर पहिल्याच दिवशी एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. २५० चे २०० वॉट होतात आणि फ्रेम मोजक्याच जातात. हाच उपाय १८० वाल्यालाही चालतो, आणि मार्च ते ऑक्टोबर मी तो सगळ्यांनाच सांगतो. पंख्यांची ‘थांबून राहण्याची’ सोयही बंद करा. तापलेल्या खोलीत ते सारखे सुरू-बंद होत राहतात, त्यापेक्षा कायम तीस टक्क्यांवर फिरू द्या.

गोंदियाच्या प्रवासाचं म्हणाल तर हलकं, आखूड कार्ड इथेही बरं. टेरात कार्ड रायझरच्या सॉकेटवर आणि मागच्या स्क्रूंवर उभं असतं. महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात सॅक वर रॅकवर टाकलीत तर हादरे सगळे तिथेच बसणार. मांडीवर घ्या, आणि पोचल्यावर सुरू करण्याआधी स्क्रू आवळून बघा.

खरेदीसाठी आधी धंतोलीत यशवंत स्टेडियमसमोरच्या दुकानांत फिरा, मग ऑनलाइन भाव काढा. हजार-दीड हजाराचा फरक असेल तर मी इथलंच घेईन. दोन पंख्यांचं मॉडेल बहुधा काउंटरवर नसेल, ‘तीन पंख्यांचं तेवढ्यालाच देतो’ असं म्हणतील. मागवून घ्या, दोन-चार दिवस थांबा. विचारायच्या गोष्टी दोनच: बिलावर सिरीयल नंबर टाकणार का, आणि वॉरंटीत कार्ड गेलं तर ते नागपुरातच जमा करता येतं की कुरिअरने पाठवावं लागतं. आणि जमलं तर कॅबिनेट सोबत घेऊन जा. कार्ड तिथेच बसवून, केबल लावून, बाजूची पट्टी बंद होते का ते बघूनच पैसे द्या.