पद सोडलं, आता मंडळीत करू काय?

प्रश्न: ऐरोलीच्या आमच्या मराठी मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) मी बरीच वर्षं पंचमंडळाचा, म्हणजे कारभार पाहणाऱ्या समितीचा, सेक्रेटरी होतो. पासष्टी उलटल्यावर पद सोडलं. आता तरुण मुलं सगळं व्हॉट्सअॅपवर ठरवतात. मला विचारतात ते फक्त हॉलच्या चाव्यांबद्दल. प्रार्थनेतही मन लागत नाही. सल्ला द्यावा की गप्प बसावं?

उत्तर: सलाम भाऊ. चाव्या मागायला येतात ना? मग चाव्यांबरोबर तुम्हीही जा. मीटरचा कुठला खटका पडतो, पावसात कुठल्या कोपऱ्यात गळतं, कुणा आजीला प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) घरी न्यावं लागतं, हे त्या ग्रुपवर नसतं. सल्ला मात्र सगळ्यांना वाटू नका. त्याने मुलं पळतात. एकच जण हेरा. आजारी घरी जाताना त्याला सोबत न्या, प्रार्थना त्यालाच करू द्या. अडखळला तरी मध्ये बोलायचं नाही (हे आपल्या वयाला फार जड जातं!).

मन लागत नाही म्हणता, तर बायबलमधलं ‘तीमथ्याला दुसरं पत्र’ एका बैठकीत वाचा. ते लिहिणारा प्रेषित पौल तुरुंगात, बरेचसे सोबती निघून गेलेले. तरी तो तरुण तीमथ्याला काम सोपवतो आणि त्याच्याकडे मागतोही: त्रोवस गावी राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, हिवाळ्याआधी ये. तुम्हीही मागा की! आणि वयाचं म्हणाल, तर पंडिता रमाबाई १९२२मध्ये वारल्या, तोवर बायबलच्या मराठी भाषांतराला जुंपलेल्या होत्या. व्हॉट्सअॅप तुम्ही हेरलेल्या त्या मुलाकडूनच शिका. बदल्यात त्याला जमाखर्चाची वही शिकवा. ऑडिटच्या वेळी तो तुमच्याकडेच धावत येणार आहे.